मोहाखाली दिलेला शब्द

चैत्रात सुलोचनाबाईंना उठायला कोंबड्याची गरज पडत नसे. मोहाचा वास दारातून आत यायचा आणि अंथरुणातच कळायचं, की बांधावर फुलं गळायला लागली. आजही तसंच झालं. डोळे मिटूनच त्या तो वास घेत पडून राहिल्या. अर्धवट झोपेत त्यांना वाटलं, की घर कुठेतरी तलावावरून अलगद तरंगत चाललंय आणि आपण त्यात निवांत पडलो आहोत. मग आठवलं, आज साहेब येणार आहेत, आणि घर पुन्हा मोहाडी तालुक्यात आपल्या जागेवर येऊन बसलं.

बाजूची वाकळ घडी केलेली होती. त्यांची धाकटी नणंद शकुन केव्हाच बांधावर गेली होती.

शकुन दरवर्षी फाल्गुन सरता सरता दिघोरीहून यायची. न कळवता, न बोलावता, एक पिशवी घेऊन. दारातून आत शिरतानाच "वैनी, फुटलं का?" विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता टोपली शोधायला लागायची. नवरा गेल्यानंतर सासरी तिला भाताची कमी नव्हती, पण कुठे निघाली तर कुठे, आणि बसली तर कशाला, हे रोज कुणालातरी सांगावं लागे. इथे कुणी विचारत नव्हतं, कारण इथे तिचं झाड होतं.

या घराची तशी रीतच होती. शेत मुलांना, आणि मोहाचं एकेक झाड मुलींना. झाड बांधावरच उभं राहायचं, फुलं मात्र लेकीची. सासऱ्यांनी शकुनच्या लग्नात तिला बांधाच्या मधोमधचं झाड दिलं होतं. त्याचं नाव गोडी. देताना कागद नाही की शिक्का नाही. ऐन फुलोऱ्यात गोडीखाली उभे राहून ते म्हणाले, "हे शकुनचं," आणि ते शकुनचं झालं. फुललेल्या मोहाखाली बोललेलं या घरात कुणी फिरवत नसे. सोयरिकी तिथेच ठरायच्या, वाटण्या तिथेच व्हायच्या. शकुनला यायला उशीर झाला, तर गोडीखालची फुलं गुरं खाऊन जात, पण घरातलं कुणी तिथे वाकत नसे.

सुलोचनाबाई उठल्या. आज अंगण दोनदा सारवायचं होतं.

*

ऊन कोवळं होतं तोवर सगळे ओसरीवर जमले. इश्वर, सुलोचनाबाईंच्या नवऱ्याचा, खुशालचा, धाकटा भाऊ, मोहाडीहून सायकलवर आला होता. तो तहसील कचेरीत कारकून होता आणि सुट्टीच्या दिवशीही खिशाला पेन लावून फिरायचा. थोरली बहीण रेवताबाई आदल्या दिवशीच आली होती. तिचं सासर चांगलं खातंपितं. माहेरी ती यायची ती सल्ला द्यायला. खुशाल एका कडेला खांबाला टेकून बसला होता, जणू हे सगळं दुसऱ्या कुणासाठी चाललं होतं.

चाललं होतं ते त्याच्याच वेडापायी. राज्यातली दारूबंदी सैल झाली त्या सालापासून खुशालने एक ध्यास घेतला होता. आसपासच्या गावांत मोहाची दारू काढणारे कमी नव्हते. भट्टी लावायची, आग पेटवायची, नळीतून ठिबकणारं पाणी विकायचं. खुशाल भट्टीला शिवत नसे. तो फुलं निवडून, धुऊन रांजणात भिजत घालायचा, ती आपसूक आंबू द्यायचा, फडक्यातून गाळायचा आणि बाटल्या ओल्या रेतीत पुरून महिनोन्‌महिने विसरून जायचा. निघायचं ते मधाच्या रंगाचं, सौम्य, जिभेवर उशिरा गोड लागणारं काहीतरी. गावातले पिणारे त्याला हसायचे. हे प्यायला बसलं तर चढेपर्यंत माणूस म्हातारा होईल, असं त्यांचं मत होतं. खुशाल म्हणायचा, ही वाइन आहे. हा शब्द त्याने एका जुन्या वर्तमानपत्रात वाचला होता, आणि तिकडे नाशकाकडे द्राक्षवाले शेतकरी असं काही करू पाहतात, हेही.

तेव्हापासून तो कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होता. आपल्या बांधावरच्या मोहाची वाइन शेतमाल म्हणून उघड विकू द्या, एवढंच मागणं. शेतकी खात्याने सांगितलं, मोह हे पीक नाही. जंगल खात्याने सांगितलं, बांधावरचं झाड म्हणजे जंगल नाही. दारूवर नजर ठेवणाऱ्या खात्याने सांगितलं, मोहफूल म्हणजे दारूच, ती अजून झालेली नाही इतकंच. घरात जास्त साठवाल तर परवाना लागेल. द्राक्षाला बागायत म्हणतात, मोहाला गुन्हा म्हणतात, असं खुशाल एकदा चिडून बोलला होता. तिन्ही खात्यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की खुशालने दुसऱ्या खात्याकडे जावं.

आणि आता भंडाऱ्याहून वासुदेवराव येणार होते. शेतकी खात्यातले, निवृत्तीला आलेले, आणि निवृत्तीआधी एकतरी काम मनासारखं व्हावं असं वाटणारे. छोट्या शेतकऱ्याने स्वतःच्या फळाफुलांपासून घरी काही बनवावं, याबद्दल वरून सूचना मागवल्या होत्या. त्यात खुशालची वाइन बसवता येईल, असं त्यांना वाटत होतं. फक्त बांधावरचे मोह ही एकसलग बाग आहे, एकाच शेतकऱ्याची आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, हे त्यांना जागेवर, चार माणसांसमोर विचारून घ्यायचं होतं. हक्क असेल तर मी शिफारस करणार नाही, असं त्यांनी इश्वरला आधीच सांगून ठेवलं होतं.

गोडी बांधाच्या मधोमध होती. ती वगळली तर बागेचे दोन तुकडे होत होते.

इश्वरने हे सगळं कचेरीच्या आवाजात समजावून सांगितलं. रेवताबाईने आपलं झाड लगेच सोडलं. तिला तसाही फुलं वेचायचा कंटाळा होता. मग सगळे शकुनकडे पाहू लागले. ती पायरीवर बसून टोपलीतली फुलं निवडत होती.

"शकुन, सायबासमोर म्हनाचं तेवढं," इश्वर म्हणाला. "झाड का उचलून नेऊन राह्यलो आमी? तुहंच राहीन ते. कागदावर एक, घरात एक. सारं जग असंच चालते."

शकुनने एक चुरगळलेलं फूल बाजूला टाकलं. सुलोचनाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. कुणाच्या बाजूने बोलावं, ते त्यांना कळेना. शकुनचा जीव त्या झाडात आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण जीपचा आवाज आला की छातीत धस्स होणं, हेही त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा दारूवाल्या खात्याच्या जीपमधल्या माणसांनी दोन रांजण अंगणात उलटे केले होते, आणि पाहुणे जेवायला बसलेले असताना सारं अंगण त्या वासाने भरून गेलं होतं. तेव्हापासून सरकारी कागद घरात यावा आणि आपल्याला एक दुपार निर्धास्त झोप लागावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी कप खाली ठेवले आणि हळूच म्हटलं, "बाई, तुमी म्हनान तसं." असं बोलल्याची त्यांना त्याच क्षणी लाज वाटली.

"कुठं विचारनार आहे सायेब?" शकुनने विचारलं.

"तिथंच, गोडीखाली. सावली आहे म्हनून खाट तिथंच टाकाले सांगतली मी."

शकुनचे हात थांबले. रेवताबाईने एकदम भावाकडे पाहिलं. मघापर्यंत ती त्याच्या बाजूची होती.

"तुले अक्कल आहे का इश्वर?" ती म्हणाली. "ओसरीवर विचारलं असतं त पोरीनं शंभरदा खोटं बोललं असतं. मोहाखाली कायले नेतं तिले? खाट उचल तिथून."

इश्वर हसला. साहेबांना झाडं पाहायचीच होती, तलाठी आणि सरपंचांना तसं कळवून झालं होतं, आणि या काळात असल्या गोष्टी कोण मानतो, असं तो म्हणत राहिला. त्याचं मन दुष्ट नव्हतं. कचेरीत त्याला मागून दारूवाल्याचा भाऊ म्हणायचे. मुलीचं स्थळ त्यावरून एकदा परत गेलं होतं. एकदा साहेबाच्या सहीने त्या दारूला वाइन म्हटलं, की आपण बागायतदाराचे भाऊ होऊ, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. गोडीखाली सावली दाट असते, एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं. बापाने तिथे काय केलं होतं, ते तो विसरून गेला होता.

"दादा का म्हनते?" शकुनने विचारलं.

खांबाजवळ कुणी नव्हतं. खुशाल उठून कोठीत गेला होता.

*

कोठीत अंधार होता आणि गारवा. छपराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी रांजणावर पडली होती. खुशालने कान रांजणाला लावला. आत बारीक बुडबुड चालू होती. या आवाजाने त्याचं मन नेहमी निवायचं. लहानपणी तो आजोबांच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचा, तेव्हा असाच आवाज यायचा. जगात काय चाललंय याचं फुलांना सोयरसुतक नव्हतं. ती आपली हळूहळू दुसरंच काही होत होती. त्याला कितीदा वाटायचं, की आपणही असं एखाद्या रांजणात उतरून बसावं आणि सगळं निवळल्यावरच बाहेर यावं.

मागे पावलं वाजली. शकुन होती. तो रेतीतली बाटली काढून पेल्यात थोडी ओतून तिच्यापुढे धरून उभा राहिला. तिने वास घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"गोडीची आहे," ती म्हणाली.

"जास्त तिचीच. बाकीच्याईनं नुसता रंग येते."

खरंच होतं ते. गोडीची फुलं जाड पाकळीची आणि रसाची. शकुन दरवर्षी निम्मी फुलं भावाच्या रांजणात टाकायची आणि निम्मी वाळवून दिघोरीला न्यायची. कधी हिशेब झाला नाही, कधी आभार मानले गेले नाहीत. खुशालला पाणंदीतून चालताना जे जागेपणीचं स्वप्न पडायचं, की आपली बाटली कुठल्यातरी लांबच्या गावात, अनोळखी माणसाच्या ताटाशेजारी उभी आहे आणि तिच्यावर आपल्या गावाचं नाव आहे, ते सगळं स्वप्न या बहिणीच्या झाडावर उभं होतं. हे त्याला आत्ता, तिच्या ओल्या ओठांकडे पाहताना, स्पष्ट कळलं.

आता म्हणावं. दे म्हणावं, नाहीतर देऊ नको म्हणावं. दोन्ही शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसले. दे म्हटलं असतं तर शकुन भांडली असती, रडली असती, आणि कदाचित नाही म्हणाली असती. देऊ नको म्हटलं असतं, तर एवढ्या वर्षांचं सगळं इथेच संपलं असतं. खुशालने पेला तिच्या हातातून घेतला आणि फडक्याने पुसत राहिला.

शकुन थोडा वेळ थांबली. मग केसांतली फुलं झटकत बाहेर गेली.

*

वासुदेवराव उन्हं चढायच्या आत आले. बुटका, प्रेमळ माणूस. धोतर सोडून पँट घालायला लागून त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी चालताना हात सोगा धरायला जायचा. बरोबर तलाठी, सरपंच आणि गावातली चार-दोन माणसं. गोडीखालच्या खाटेवर ते बसले, तेव्हा उशिराची काही फुलं अजून गळत होती. एक त्यांच्या टोपीवर पडलं. त्यांनी ते काढून तोंडात टाकलं आणि खुशालला साहेब आवडले.

बाटली उघडली गेली. वासुदेवरावांनी घोट घेतला, आणि बराच वेळ ते समोरच्या रिकाम्या धानबांध्यांकडे, भाताच्या खाचरांकडे, पाहत राहिले. धान निघून गेलं होतं, जमीन उन्हात भुरकट पडली होती, दूर तलावात मासेमार ढिवरांची एक डोंगी हलत होती की नाही ते कळत नव्हतं. शकुन झाडाच्या बुंध्याशी उभी होती. तिला वाटलं, हा क्षण असाच राहिला तर किती बरं. कुणी काही विचारू नये, कुणी काही सांगू नये, फुलं आपली पडत राहावीत. बाबा असेच इथे उभे होते. हळदीने पिवळे झालेले तिचे पाय फुलांत रुतले होते, आणि तिला सासरी जायची भीती वाटत होती. बाबांनी तेव्हा तिला धीर दिला नव्हता. झाड दिलं होतं.

"फार छान आहे," वासुदेवराव म्हणाले. "मी हे नुसतं लिहिणार नाही, स्वतः नागपूरला घेऊन जाणार." मग ते जरा सरकारी झाले. ही सगळी झाडं खुशालरावांचीच ना, कुणाचा काही हक्क, काही वहिवाट? तलाठ्याने मान हलवली. सरपंचांनी मान हलवली. रेवताबाईने पदर सावरत आपलं काही नाही म्हणून सांगितलं. गावातल्या एका म्हाताऱ्याने घसा खाकरून शकुनकडे पाहिलं. त्याच्या नजरेमागोमाग साहेबांचीही नजर आली.

"आणि या ताई?"

इश्वर घाईघाईने काही बोलणार होता. शकुनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती खुशालकडे पाहत होती. खुशाल बाटलीकडे पाहत होता. त्याच्या कानशिलावर घाम आला होता आणि ओठ लहान पोरासारखे घट्ट मिटले होते. नवरा गेला तेव्हा दिघोरीला पहिल्यांदा आला तो हाच भाऊ. काही न बोलता तो अंगणात बसून राहिला होता, सबंध दिवस, पाणीसुद्धा न पिता. त्याला मागता येत नाही, हे तिला तेव्हापासून माहीत होतं. त्याचा तिला राग आला, आणि त्या रागापेक्षा माया जास्त आली.

"दादाचंच आहे," ती म्हणाली. "हे झाड दादाचंच आहे. माहं इथं काई नाई."

फुलं पडत होती. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. रेवताबाईच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. खुशालने मान वर केली, आणि सगळ्यांना वाटलं, आता हा बोलणार. त्याच झाडाखाली, तेवढ्याच माणसांसमोर, एक वाक्य बोलायचं होतं. वासुदेवरावही थांबले. खुशालचे ओठ हलले, आणि त्याने त्यांना विचारलं, "सायेब, आनखी थोडी देऊ का?"

*

दुपारी घर सुस्तावलं होतं. साहेब समाधानाने गेले. इश्वर त्यांना वरठीच्या स्टेशनापर्यंत पोचवायला गेला होता आणि जाताना पहिल्यांदाच मोठ्या भावाच्या पाया पडला होता. रेवताबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. सुलोचनाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. आता झोप लागायला हरकत नव्हती, पण त्यांना ती येत नव्हती.

दारात सावली पडली. शकुन बांधावरून परतली होती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"या ना बाई. उन्हात काहून उभ्या?"

"बोलावशीन त येईन, वैनी."

सुलोचनाबाईंना आधी समजलं नाही. मग समजलं, आणि हातातलं उलथणं हातातच राहिलं. शकुन रुसलेली नव्हती. तिचा चेहरा शांत होता, थोडा दमलेला. मोहाखाली जे बोलली होती, ते ती फक्त पाळत होती.

"या," सुलोचनाबाई म्हणाल्या. उलथणं खाली ठेवून त्या पुन्हा म्हणाल्या, "आत या, बाई."

"पाय धुवाले पानी दे."

पाहुण्याला देतात तसा पाण्याचा तांब्या सुलोचनाबाईंनी दारात आणून ठेवला. या घरच्या लेकीला असं पाणी कुणी कधी दिलं नव्हतं. ती विहिरीवर पाय धुऊन ओल्या पावलांनी घरभर फिरायची आणि सारवलेल्या जमिनीवर ठसे उमटवायची. शकुनने दारात पाय धुतले, पदराने पुसले, आत येऊन खाटेच्या कडेवर बसली आणि हात मांडीवर ठेवले. खुशाल कोठीच्या दारातून हे पाहत होता. पुढे यायच्या ऐवजी तो परत रांजणांपाशी गेला.

संध्याकाळी सुलोचनाबाईंनी तिला वाढलं. तिने पुरे म्हटलं, त्यांनी आग्रह केला. असा आग्रहही या घरात तिला कधी झाला नव्हता.

पहाटे वास आला. सुलोचनाबाई उठल्या आणि सवयीने दोन टोपल्या घेऊन दारापर्यंत गेल्या. मग त्यांनी वळून पाहिलं. शकुन जागी होती. वाकळीवर उताणी पडून छपराकडे पाहत होती. पाहुणीला कुणी कामाला उठवत नाही. सुलोचनाबाईंनी एक टोपली खाली ठेवली आणि त्या आपल्या झाडांकडे गेल्या.

थोड्या वेळाने खुशाल आला. तो बांधावर जाऊन आला होता. बाहेर नुसतं फटफटलं होतं. तो बहिणीच्या वाकळीपाशी उकिडवा बसला. त्याला खूप काही बोलायचं होतं. साहेबांना उद्याच पत्र टाकतो म्हणायचं होतं. बाबा असते तर त्यांनी मला जोड्याने मारलं असतं, हे म्हणायचं होतं. रडावं असंही वाटत होतं.

"शकुन," तो म्हणाला, "गोडीखाली फुलं पडून राह्यली. लई पडली."

"पडू दे, दादा," शकुन म्हणाली. "तुहीच आहेत."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं, टोमणासुद्धा नाही. खुशाल बसून राहिला. उजाडायला लागलं तशी त्याने सुलोचनाबाईंनी ठेवलेली टोपली उचलली आणि तो एकटाच बांधाकडे गेला.